झोपेत हलवलेलं बिऱ्हाड

ऑफिसात तिला सगळे बिऱ्हाडबाई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले लहान लहान कॉम्प्युटर नांदत असतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मोठा थकला की त्याच्या पोटातले हे भाडेकरू उचलायचे आणि दुसऱ्या यंत्रावर, बरेचदा अगदी वेगळ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर, नेऊन बसवायचे, हे तिचं काम. घर बदलल्याचा त्यांना पत्ताही लागता कामा नये. तिच्या हाताखाली तो लागत नसे.

पण हे वेड ऑफिसात ठेवून घरी येईल तर ती कसली! पायाला भिंगरी लागलेली. कपाट आज या भिंतीला, उद्या त्या. नवरा दारातून आधी नुसतं डोकं आत घालून विचारायचा, "आज सोफा कुठे आहे?" जेवतानासुद्धा तिचा एक पाय उठायच्या तयारीत असायचा.

तिचे वडील, अप्पा, नेमके उलटे. जन्मभर गालिच्यांची नक्षी काढली, तीही एकाच खिडकीशी बसून. आधी चौकटीच्या कागदावर, मग कारखान्याने दिलेल्या एका जुन्या प्रोग्रॅमवर. एक चौकोन म्हणजे एक गाठ. तो प्रोग्रॅम नव्या कुठल्याच सिस्टिमवर चालेना, तेव्हा लेकीने त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुनं मशीन उभं करून दिलं आणि बजावलं, "अप्पा, सेव्ह-बिव्ह काही करायच्या भानगडीत पडू नका. काम झालं की नुसतं हे बटण दाबा. मशीन झोपी जाईल. उद्या उठवलंत की जिथे होतात तिथेच."

अप्पांनी ते अक्षरशः पाळलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक नक्षी हाती घेतली होती, कोणी न मागितलेली. तिची आई उशांच्या अभ्र्यांवर भरायची ती वेल. अभ्रे केव्हाच विरून गेले होते. वेल अप्पांच्या डोक्यात होती, आणि रोज थोडी थोडी पडद्यावर उतरत होती.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. एक डोळा वाचला, तोही बेताचा. इतकं बारीक काम पुन्हा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. अप्पा पट्टी बांधून पडलेले असतानाच बिऱ्हाडबाईचे हात शिवशिवायला लागले. म्हाताऱ्या माणसाने एकटं कशाला राहायचं? तिने त्यांचं घर झपाट्याने रिकामं केलं, घरमालकाला किल्ली उद्या देते म्हणून कळवलं, आणि दवाखान्यातून अप्पांना थेट आपल्याकडे आणलं. झोपलेल्या मशीनचीही तशीच नक्कल काढून स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर ठेवली. जुना कॉम्प्युटर तेवढा भंगारवाल्यासाठी तिथेच राहिला. त्याची डिस्क कटकट वाजत होती; धक्का लागला की गेलीच, अशी गत.

"बसा अप्पा. तुमची वेल दाखवते."

मशीन उठेना. पडद्यावर आलं, की झोपताना जे स्मरणात होतं ते या यंत्रावर उघडत नाही. ते टाकून नव्याने सुरू करायचं का? तिचं बोट सवयीने 'हो'वर गेलंसुद्धा. ऑफिसातली मशीन सगळं जिथल्या तिथे जपून ठेवणारी, तिथे काही बिघडत नसे.

"सेव्ह केलेलं आहे ना?" तिने विचारलं.

"तूच म्हणालीस, करू नका."

तिने बोट झटकन मागे घेतलं. म्हणजे सगळी वेल त्या झोपेतच होती. आणि ही झोप उघडायची तर ज्या यंत्रावर लागली त्याच यंत्रावर. धंद्यातला पहिला धडा, की झोपलेलं मशीन हलवायचं नाही. आधी उठवायचं, आवरू द्यायचं, नीट बंद करायचं. नव्या पोरांना ती हेच घोकून घ्यायला लावायची!

"मी जाऊन येते," ती चप्पल शोधत म्हणाली.

"मीही येतो."

"तुम्ही कशाला? त्रास होईल."

"वेल माझी आहे," अप्पा म्हणाले.

रिकाम्या घरात कॉम्प्युटर खिडकीखाली फरशीवर पडला होता. तिने बटण दाबलं. डिस्क कटकटली, थांबली, पुन्हा कटकटली. ती उभी राहिली, बसली, वायर चाचपली, खिडकीशी जाऊन परत आली. आतल्या आत तिने डिस्कला, स्वतःला, सगळ्या जगाला शिव्या घातल्या.

"बस गं जरा," अप्पा म्हणाले. "तुझ्या येरझाऱ्यांनी ते लवकर उठणार आहे का?"

ती बसली. अंगात मुंग्या आल्यासारखं होत होतं, तरी बसली.

पडदा उजळला. वेल होती! अर्ध्या पानाशी कर्सर लुकलुकत होता. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. अप्पांनी डोळा पडद्याला टेकवून सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद केला, मशीन बंद केलं. तिने फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, दोनदा उघडून पाहिली.

"चला, निघू या."

अप्पा उठले, पण दाराकडे गेले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ठिबकणारा नळ घट्ट पिळला. आतल्या खोलीत गेले. खिडकीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"शेजारच्या शिंपीणबाईंना सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "त्यांना वाटत असेल, मी अजून दवाखान्यातच आहे. पट्टी सुटली ती तुझ्याच घरी. मला वाटलं होतं, आधी इथे येईन."

अप्पा भिंतीला हात लावत शेजारी गेले. ती त्यांच्या खिडकीशी फरशीवर बसून राहिली.

घरमालकाचा फोन आला. किल्ली उद्या मिळते आहे ना?

"उद्या नाही," ती म्हणाली. "अप्पांचं आवरलं की."

"मग केव्हा निघणार ते?"

"माहीत नाही. ते मी त्यांना अजून विचारलेलंच नाही."