चावडीआत्तीचा उजवा गाल

आमची आत्ती दातांनी ऊस सोलायची, आणि तोही असा की शेजारी कोयता घेऊन बसलेला गडी मागे पडावा. साल सरासर उतरत असताना तिचं तोंड बोलायलाही मोकळं असायचं, ते कसं, हे मला आजवर कळलेलं नाही. सुपारी फोडायला अडकित्ता मागणाऱ्या बाईकडे ती दयेने बघे. पन्नाशी उलटली तरी एक दात हलला नव्हता. सकाळी मिसरी लावत उंबऱ्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माजं दात माज्यासंगंच सरणावर जातील."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन आष्ट्याला माहेरी आली. माझी आई लवकर गेली, म्हणून मला तिनेच वाढवलं. गाव तिला चावडीआत्ती म्हणे, कारण चावडीवर पोचायच्या आधी बातमी तिच्याकडे पोचलेली असायची. कुणाचा पोरगा पलटणीतून रजेवर आला, कुणाची सून रुसून गेली, सगळं तिला ठाऊक. "मी काय कुनाचं बोलत न्हाई बाई," एवढी प्रस्तावना झाली की ऐकणारीची भाकरी करपलीच म्हणून समजावं. मी शाळेत मास्तर झालो तेव्हा म्हणाली, "मास्तर झालास खरं, पन बोलायला माज्याकडनंच शिकलास." ते खरंच होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी बोलता बोलता ती मध्येच थांबली. हात गालाकडे गेला, पण गालाला लागला नाही, वीतभर अलीकडेच राहिला. डोळे घट्ट मिटले. मिनिटभराने तिने ते उघडले. "ईज शिरल्यागत झालं बग उजव्या गालात," म्हणाली आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. पुढे वारा लागला की कळ, गार पाण्याचा घोट घेतला की कळ आणि बोललं की कळ, असं सुरू झालं.

दाढ दुखतेय म्हणून आधी लवंगेचं तेल झालं. मग बाजाराच्या दिवशी रिंगणीची धुरी देणारी बाई आली. रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचं, त्याचा धूर नळीने दाढेला द्यायचा, की खाली पाण्याच्या ताटलीत दाढेतले किडे पडतात. तीन पडले. आत्तीने मला मुद्दाम बोलावून दाखवले. ते भाजलेल्या बियांतून निघालेले पांढरे कोंब होते, हे मला फार पुढे समजलं. त्या दिवशी मलाही ते किडेच दिसले.

धुरीनंतर सहा आठवडे कळ आली नाही आणि इथेच आम्ही फसलो. ते दुखणं आपणहून यायचं, आपणहून जायचं आणि जाताना जो उपाय चालू असेल त्याला यश देऊन जायचं. ते परत आलं तेव्हा सगळ्यांचं ठरलं की किडा मुळाशी आहे, दाढच काढायला हवी. बाजारात फडक्यावर दात मांडून बसणारा एक दातवाला होता. त्याने पहिली दाढ काढली आणि दोन महिने आराम पडला. मग दुसरी काढली. मग एकदम दोन. दर वेळी तिचं डोकं धरून मी उभा असे. सातवा दात दातवाल्याने माझ्या हातावर ठेवला, तो अख्खा, पांढराशुभ्र होता, कुठे काळा ठिपका नाही. मला ते दिसलं. तरी मी म्हणालो, "आता संपलं आत्ती, ह्योच हुता." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

हिवाळ्यात दुष्काळी माणदेशातून मेंढरं घेऊन येणारा एक म्हातारा धनगर आमच्या रानात उतरायचा. त्याने सळई तापवून तिच्या कानामागे डाग दिला. "ह्यो डाग दुखतोय तवर आतलं दुखनं गप बसंल, आत्ती. फुडचं मला न्हाई ठावं," तो म्हणाला. उपाय करणाऱ्यांत तेवढा एक माणूस खरं बोलला. डागाची खपली पडली आणि कळ पुन्हा आली.

शेवटी मी तिला प्रवासी सर्व्हिस मोटारीने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कापसाचा पुंजका तिच्या गालावरून अलगद फिरवला, तशी ती किंचाळली. ते म्हणाले, "बाई, हे दातांचं दुखणंच नाही. चेहऱ्याची शीर बिघडली आहे." आत्ती डॉक्टरांकडे वळली. मग म्हणाली, "मग माजं दात?" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं.

गोळ्यांनी नुसती गुंगी येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुंबईला कवटी उघडून शीर कापतात, पण या वयात जिवाची खात्री नाही. राहता राहिली शिरेत मद्यार्काची सुई. तिने अर्धा चेहरा बधिर होईल, पण वर्ष-दीड वर्ष बरं जाईल. "आमच्यात कुनी दारूला शिवलं न्हाई, आन माज्या गालफडात वतायची व्हय?" आत्ती म्हणाली. डॉक्टर हसले, तीही हसली आणि त्या हसण्यानेच कळ उठली. गावात कुणाला सांगायचं नाही या अटीवर तिने सुई घेतली.

ती अट तिनेच पहिल्या आठवड्यात मोडली. पुढचे चौदा महिने ती बोलत होती. दातांवाचून शब्द घसरायचे, मेलेल्या ओठातून आमटी सांडायची आणि तिला कळायचं नाही. मी खूण केली की पदराने पुसून ती पुढे बोलू लागे. मी इतका सुखात नंतर कधी नव्हतो.

मग कळ परत आली. दुसरी सुई लागू पडली नाही. डॉक्टर म्हणाले, "तिसरी देऊन बघू, पण भरवसा देत नाही." आत्तीने मान हलवून नको म्हटलं. त्यानंतर ती खुणांवर आली. वारा लागू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायची, पेज डाव्या कोपऱ्यातून थेंबथेंब घ्यायची. एकेका पेल्याला अर्धा तास लागायचा. बायका नवनवी औषधं सांगायला येत, त्यांना ती हातानेच बसा म्हणे. मी शाळा सुटली की जवळ जाऊन बसायचो. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून शाळेतलं कायबाय सांगत राहायचो. तिच्या अंगावरचं मांस दर आठवड्याला कमी होताना मी बघत होतो.

अशात माझी माणदेशात दहिवडीला बदली झाली. निघायच्या सकाळी मी तिच्या पाया पडलो. तिने मला समोर बसवलं, चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला आणि बोलायला लागली.

"तिकडं पानी न्हाई... गाळून पी..." कळ आली. डोळ्यांतून धारा लागल्या. ती थांबली आणि ओसरल्यावर पुन्हा सुरू झाली. "जेवान येळंला... तुजी आई..." परत कळ. सबंध अंग ताठ झालं. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं, तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरले. "बोलू नगंस आत्ती, तुज्या पाया पडतो, बोलू नगंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर ओढून घेतला.

चार महिन्यांनी ती गेली. पत्र मला मिळालं तेव्हा दहावा होऊन गेला होता. आईचं ती काय सांगणार होती, हे आता मला कुणीही सांगू शकत नाही. कळ तिची होती आणि ती सोसून बोलायची तिची तयारी होती. मलाच ते बघवलं नाही, म्हणून मी तिला गप्प केलं.