मधल्या पायरीची वीस मिनिटं

ताईला कुणी काही विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरभर स्पीकर बसवायचे हे ठरवलं तिच्या धाकट्या भावाने, आणि तेही पाच तासांच्या विमानप्रवासाएवढ्या अंतरावरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याने तीन कंपन्यांचे कॅटलॉग वाचले, दोन मित्रांचा सल्ला घेतला, रंगावरून बायकोशी एकदा भांडून घेतलं, आणि रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर तोंडभर हसत जाहीर केलं, "ताई, तुझी धावपळ संपली बघ! बाबांनी नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तू घरात कुठेही अस, तुला ऐकू येणार. कुठेही!"

ताईने ते 'कुठेही' मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. तोंडाने मात्र ती म्हणाली, "अरे वा."

बावन्न वर्षांची बाई, पण 'नको' म्हणायला कधी शिकलीच नाही. तिचं सगळं आयुष्यच हाकेला ओ देण्यात गेलेलं. बाबा चाळीस वर्षं कारखान्यात फोरमन होते. मशिनांच्या खडखडाटातून त्यांची हाक शेवटच्या माणसापर्यंत पोचायची, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भोंगा, आणि गल्लीनेही ते आनंदाने उचललं होतं. ताई लहानपणी चार घरं पलीकडे खेळत असायची. भोंगा वाजला की खेळ अर्धा टाकून घरी. पुढे ती एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागली. चांगली तपासायची, तिच्या हातून चूक सुटत नसे. लग्न दोनदा जमता जमता राहिलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. मग सात वर्षांपूर्वी बाबांचं अर्धं अंग गेलं. तिने छापखान्यात दोन महिन्यांची रजा टाकली. ती रजा अजून चालूच आहे.

अंगाबरोबर बाबांचा आवाजही गेला. उरला तो बारीक, चिरका, दोन खोल्यांपलीकडे न पोचणारा. आणि गंमत बघा, आवाज मोठा होता तेव्हा ताईला चार घरं लांब जाता यायचं. आवाज बारीक झाला तशी तिची दोरीही आखूड झाली. दोन खोल्यांपलीकडे ऐकू येत नाही, म्हणून ती दोन खोल्यांपलीकडे जात नसे. भाजी आणायची तर शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून, धावत जायचं आणि धावत यायचं. काकू म्हणायच्या, "अगं, जरा दम तर खा!" दम खायला तरी वेळ हवा ना.

वेळ होता. पण तो कुणाला ठाऊक नव्हता. दुपारी जेवण झालं, गोळ्या झाल्या, की पावणेदोनच्या सुमाराला बाबा घोरायला लागत. मग ताई पाय न वाजवता स्वयंपाकघरातून मागच्या दाराला जायची. बाहेर तीन पायऱ्या, शेजारी पाण्याची टाकी, समोर परक्या घराची बिनखिडकीची भिंत. मधल्या पायरीवर ती बसायची. वीस मिनिटं. काय करायची? काही नाही! ना वाचन, ना फोन, ना निवडणं-टिपणं. पाय लांब सोडून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. तिथे बाबांचा आवाज पोचत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ती तिथे बसायची. पहिले काही महिने छाती धडधडायची. मग तिने ताडून पाहिलं, बाबा गाढ झोपलेले असतात. तेव्हापासून ती वीस मिनिटं तिची झाली. चोरीची का होईनात, पण तिची. चोवीस तासांत तेवढीच.

आणि आता धाकटा म्हणतो, कुठेही.

सोमवारी फिटर आला. बाजारात त्याला कानसेन म्हणत. चाळिशीचा, शिडी खांद्यावर, कानामागे खडू. त्याची कामाची एक तऱ्हा होती. ड्रिलला हात लावायच्या आधी तो घरातल्या माणसाला घेऊन खोली खोली फिरायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

"ताई, या खोलीत तुम्ही कुठे बसता?"

"कशाला?"

"स्पीकर भिंतीसाठी नसतो, कानासाठी असतो. तुम्ही जिथे बसता तिथे मी खुणेचा गोल काढणार. त्या गोलाकडे तोंड करून स्पीकर लागणार. नाहीतर लोक भिंत शोभिवंत करतात आणि मग म्हणतात ऐकू येत नाही."

माणूस कामाचा पक्का होता. अशा माणसापासून लपवणं कठीण.

"पुढच्या खोलीत मी बसत नाही," ताई म्हणाली. "पाहुणे बसतात."

"स्वयंपाकघरात?"

"तिथे उभीच असते."

"तुमच्या खोलीत?"

"तिथे आडवी होते. बाबांनी बोलावलं की उठते."

कानसेन खडू हातात धरून मधल्या बोळात उभा राहिला. "अहो, पण तुम्ही बसता कुठे?"

ताईने मागच्या दाराकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. "मला बसायला वेळ कुठाय?" असं म्हणून ती हसली. कानसेनही हसला, पण त्याचं समाधान झालं नाही, हे तिला दिसलं.

दोन दिवस घरात धूळ. ड्रिल सुरू झालं की बाबा डोळे मिटून घेत आणि थांबलं की कानसेनला सूचना देत. "पट्टी तिरकी आहे." "स्क्रू पूर्ण बसलेला नाही, आवाजावरून कळतंय." फोरमन तो फोरमनच. कानसेन म्हणायचा, "आजोबा, तुमच्या हाताखाली नव्हतो तेच बरं." बाबा खूश. पुढच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक, बोळात एक, ताईच्या उशाशी एक, एवढंच नव्हे तर न्हाणीघरातसुद्धा एक. बाबांच्या पलंगाशी माइक. बाबांच्या बोटांत बटण दाबण्याएवढी ताकद नाही, म्हणून धाकट्याने बिनबटणाचा निवडला होता. आवाज झाला की आपोआप घरभर जाणार. न्हाणीघरातला स्पीकर बघून ताईला वाटलं, आता अंगावर पाणी घेतानाही आपण एकट्या नाही. जखम मांडीला, मलम शेंडीला, दुसरं काय! पण बोलायचं कुणाला? भावाने प्रेमाने पाठवलंय. त्यावर तोंड वाकडं केलं तर आपणच वाईट.

खोक्यात एक स्पीकर उरला. तो संचाबरोबर फुकट आलेला, बागेत ठेवायचा, दगडाच्या आकाराचा. हुबेहूब दगड. पावसात भिजला तरी चालणारा.

"हा कुठे?" कानसेनने विचारलं.

"आपल्याला बाग कुठाय?" ताई म्हणाली आणि खोकं उचलून आपल्या खोलीतल्या पलंगाखाली सरकवलं. हुश्श केलं.

तिसऱ्या दिवशी कानसेन उरलेली वायर आवरायला मागच्या दारी गेला. ताई आत बाबांना भरवत होती. बराच वेळ तो आला नाही. आला तेव्हा चेहरा असा, की जणू हरवलेलं मूल शोधून आणलंय.

"ताई, सापडली तुमची जागा!"

ताईच्या हातातला चमचा थांबला.

"वरच्या पायरीवर शेवाळ, खालच्या पायरीवर शेवाळ. मधली लखलखीत! म्हटलं, इथे रोज कुणीतरी बसतंय. आणि ही जागा मला सांगितली नाहीत होय? तुमच्या पलंगाखालचा तो दगड काढून टाकीजवळ बसवलाय. पायरीकडे तोंड करून. माझ्यातर्फे, वायरीचंसुद्धा काही नको. आता तिथेही निश्चिंत बसा."

त्या भल्या माणसाला काय म्हणणार? शिवी द्यावी तर त्याने केलं चांगलंच. ताई म्हणाली, "कशाला उगाच त्रास घेतलात?" आणि बाबांच्या तोंडाला लागलेलं पुसलं. त्यांचा घास तोंडातच होता.

जेवण आटोपल्यावर चाचणी. कानसेनने कपाटात बसवलेलं मशीन सुरू केलं, फक्त मागच्या दगडाचा खटका चालू ठेवला आणि ताईला मागच्या पायरीवर नेऊन उभं केलं. "इथून हलू नका. मी आजोबांना बोलायला लावतो. ऐकू आलं की येऊन सांगा."

ती उभी राहिली. टाकीजवळ तो दगड. आधी खरखर आली, मग कानसेनचा आवाज, अगदी पायाशी बसल्यासारखा. "आजोबा, बोला काहीतरी."

"ती कुठाय?"

"मागच्या पायरीवर."

"तिथला काढ." बाबांचा तो बारीक आवाज दगडातून मोठा होऊन येत होता. "कुणी सांगितलं होतं तुला तिथे लावायला, मेल्या? काढ आधी!"

"अहो, पण ताई तिथेच बसतात—"

"मला माहीत आहे ती तिथे बसते! सात वर्षं माहीत आहे. तेवढी एकच जागा आहे पोरीला. दुपारी मी घोरायला लागलो की जाते."

"बरोबर आहे की. तुम्ही झोपलेले असता तेव्हा—"

"कोण झोपतंय? मला दुपारची झोप लागत नाही. आयुष्यात कधी लागली नाही. मी घोरतो. चाळीस वर्षं कामचुकारांची सोंगं बघितली, मला एक सोंग करता यायचं नाही? ती गेली की गप्प पडून राहतो. आली की परत थोडं घोरतो."

कानसेन गडबडला. माइक चालू आहे हे त्याच्याही डोक्यातून गेलं होतं. "आणि मध्येच काही लागलं तर?"

"दम धरतो. एकदा नाही धरवला. चादर भिजली. तिला म्हटलं, झोपेत झालं."

ताईला तो दिवस आठवला. चादर बदलताना ती त्यांना बोलली होती. "बाबा, निदान जागं तरी व्हायचं हो!" असं म्हणाली होती. आणि बाबांनी खाली मान घातली होती.

तिला भडभडून आलं. बाबांच्या पायावर जाऊन डोकं ठेवावं असं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, स्वतःचीच लाज वाटावी असा, राग आला. सात वर्षं ती जे चोरत होती ते चोरीचं नव्हतंच! मालकाला सगळं ठाऊक होतं. त्यानेच कुलूप उघडं ठेवलं होतं. आख्ख्या दिवसात एवढंच आपलं म्हणून जपलेलं, तेही बाबांनी दिलेलं निघालं. आता त्यात बसायचं कसं?

कानसेन धावत आला. तिचा चेहरा बघून त्याला उमगलं. "ताई, माझं चुकलं. काढतो आत्ता."

ती दगडाकडे बघत राहिली. काढला तर बाबा पुन्हा दम धरून पडणार, आणि आता ते तिला माहीत असणार. ठेवला तर ही पायरीही गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"असू दे," ती म्हणाली.

"आजोबा म्हणतायत—"

"मी म्हणते असू दे. आणि मी ऐकलं हे त्यांना सांगू नका."

आत येऊन तिने बाबांना सांगितलं, "आवाज काही नीट आला नाही, नुसती खरखर. ते करतील ठीक. राहू दे तो दगड, मी तरी तिकडे कुठे जाते?" बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि मग भिंतीकडे. संध्याकाळी धाकट्याचा फोन. "मागच्या बाजूलासुद्धा लावला? एक नंबर! आता कसं, मोकळी झालीस की नाही?" ताई म्हणाली, "हो रे बाबा, अगदी मोकळी."

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला बाबा घोरायला लागले.

ताई पलंगाशी उभी. जाऊ नये, तर आपल्याला कळलंय हे त्यांना कळणार. गेली. मधल्या पायरीवर बसली, पाय लांब सोडले. दगडातून घोरणं येत होतं, मोठं आणि स्वच्छ. रोज ती गेली की बाबा थांबत. आज थांबता येत नव्हतं. आपला श्वासन् श्वास तिथे पोचतोय हे त्यांना ठाऊक होतं. थांबले, तर पोरगी घाबरून उठून येणार. म्हणून ब्याऐंशी वर्षांचा, अर्ध्या अंगाचा माणूस तिच्यासाठी न थांबता घोरत होता. मध्येच खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी गिळली आणि पुन्हा सुरू केलं. घोरणं आता कोरडं पडत चाललं होतं. दमत होतं. ताई भिंतीकडे बघायचा प्रयत्न करत होती. तिला भिंत दिसत नव्हती.

आठव्या मिनिटाला ती उठली. आत येऊन तिने मुद्दाम दार वाजवलं.

"बाबा, उठा आता. बराच वेळ झाला."

बाबांनी डोळे उघडले, किलकिले केले, अगदी झोपेतून उठल्यासारखे. "किती झोपलो गं?"

"चांगला अर्धा तास."

"छान लागली झोप," बाबा म्हणाले. "तू बसलीस का जरा?"

"बसले ना. पोटभर बसले."

तिने मानेखाली हात घालून त्यांना उठतं केलं आणि पाण्याचा पेला तोंडाशी धरला. बाबांनी तो मध्ये श्वाससुद्धा न घेता रिकामा केला आणि आणखी मागितला.