खेकड्यावरचं पुस्तक

पोराचा खिसा बघून त्याला कुठलं पुस्तक द्यायचं ते ओळखणारा माणूस जगात एकच झाला. तो आमच्या जव्हारच्या वाचनालयात बसायचा, हे मी पैजेवर सांगतो. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. संस्थानची नोकरी, डोक्यावर पगडी, दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा. पोरगं दारात आलं की ‘काय वाचणार?’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. ‘खिसे रिकामे कर!’ म्हणायचे. टेबलावर भोवरा पडो की चिंचोका, दरबारात नजराणा आल्यासारखे ते निरखत बसायचे. एकाने मोराचं पीस काढलं, तर त्याला पक्ष्यांचं सोडून शिकारीचं पुस्तक दिलं. ‘पीस गळलेलं नाही, उपटलेलं आहे,’ म्हणाले. पोरगं गोरंमोरं झालं. आम्हाला तर हा माणूस मनातलं ओळखतो अशी धास्तीच बसली होती.

माझं वाचन म्हणजे ठणठणपाळ. अब्बा कल्हईवाले. त्यांनी ठरवून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत पोराला धडा वाचता आला नाही तर शाळा बंद, भट्टीचा भाता ओढायचा. मी रडकुंडीला येऊन तात्यांकडे गेलो. खिशातून निघाला जिवंत खेकडा! तो टेबलावरून तडक निघाला आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका कारकुनाच्या बाहीत शिरला. कारकून बोंबलला. ‘अहो, दुखवू नका!’ तात्याही ओरडले, पण खेकड्याच्या काळजीने.

कपाटात खेकड्यावर एकही पुस्तक नव्हतं. दुसरा कुणी असता तर गोष्टींचं एखादं हातावर ठेवून मोकळा झाला असता. तात्या खोडाळ्याच्या बाजाराला गेले, भाताच्या बांधांवर म्हाताऱ्यांना गाठून खेकड्यांची चौकशी केली. आठ दिवसांनी बोरूने टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, सुतळीने शिवलेलं बारा पानांचं पुस्तक माझ्यापुढे आलं. वर रीतसर वाचनालयाचा नंबर! माझ्यासाठी, एका कल्हईवाल्याच्या ढ पोरासाठी! मी आ वासून बघत राहिलो.

अक्षराला अक्षर लावत महिनाभर ते गिरवलं आणि एका संध्याकाळी अब्बांसमोर वाचायला बसलो. ‘खेकडी पिल्लांना बिळात ठेवून खाणं शोधायला जाते,’ एवढं झालं, आणि अब्बांनी हातातलं तपेलं खाली ठेवलं.

“चूक! साफ चूक! चिंबोरी पोरांना पोटाशी घेऊन फिरते. कुणी लिहिलं हे? वाच पुढं. बघू आणखी काय काय चुकलंय.”

दुसऱ्या दिवशी अब्बा काळ्या हातांनी तसेच वाचनालयात भांडायला गेले. तात्यांनी उठून त्यांना खुर्ची दिली, बोरू दौतीत बुडवला आणि म्हणाले, “सांगा, मास्तर.” अब्बांना जन्मात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. ते दुपारपर्यंत सांगत होते. तात्यांनी चूक खोडून दुरुस्ती लिहिली आणि तिच्याखाली अब्बांचं नाव घातलं.

घरात भात्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुस्तक तात्यांनी परत मागितलं नाही. पुढे तात्या गेले, मी नोकरीनिमित्त ठाण्याला राहिलो. सुट्टीत घरी आलो की अब्बा ते पान पुढे करायचे. “वाच, शेवटची ओळ.” मी त्यांचं नाव वाचायचो. “आणखी एकदा,” म्हणायचे अब्बा.