झिंग्यांचं पाणी आणि आईची कळशी

आमच्या पिंगळीच्या शेतात बोरला खारं पाणी लागलं आणि सोयाबीन जळून गेलं. मग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच पाण्यावर शेततळ्यात झिंगे सोडले. गावानं लय हसून घेतलं. "समुद्र आणायलाय काय पिंगळीला?" आबा कुणाच्या तोंडी लागले नाहीत. त्यांना ते तळं जगवून दाखवायचं होतं, बास.

मी परभणीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. एका सकाळी आबांचा फोन आला, "झिंगे खायना गेलेत. काठाला येऊन पडायलेत. बघ की काय ते." म्हटलं, आईच्या हाती पाणी पाठवा, चांगल्या स्वच्छ भांड्यात. हे वाक्य माझं, ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी आई रेल्वेनं बाटली घेऊन आली. आम्ही असल्या पाण्याचे थेंब काचेच्या बशीत, हिरव्या खळीसारख्या थरावर पसरतो आणि बशी उबेला ठेवतो. रोगाचे जंतू असले तर दिवसभरात ठिपके उगवतात. पिवळे आले तर सावध व्हायचं, हिरवे आले तर खैर नाही. दुसऱ्या सकाळी मी बशीचं झाकण काढलं तर एकही ठिपका नाही! लगेच फोन लावला, "आबा, पाणी एकदम बेस हाय." त्यांनी खाद्य चालूच ठेवलं.

दोन दिवसांनी काठावरून टोपलीभर मेलेले झिंगे निघाले.

खोटं कशाला बोलू, मला भीतीच्या आधी नवलच वाटलं. झिंगे मरतायत आणि बशी कोरी? तळ्याचं पाणी इतकं सोवळं कधीपासून झालं? तशीच उठून गाव गाठलं आणि आईला विचारलं, पाणी भरलंस कसं ते पहिल्यापासून सांग.

"अगं, तूच म्हनलीस ना स्वच्छ भांडं? तांब्याची कळशी चिंचेनं घासली, तिच्यात रातभर पानी निवळू दिलं, सकाळी बाटलीत वतलं. पावन्याला देतो तसंच की!"

मी कपाळावर हात मारला. पण खात्री केल्याशिवाय मला चैन पडेना. तळ्याचं पाणी अर्धं कळशीत रात्रभर ठेवलं, अर्धं उकळून घेतलेल्या बाटलीत, आणि दोन्ही परभणीला नेऊन दोन बशा लावल्या. कळशीची बशी कोरी. बाटलीची बशी हिरव्या ठिपक्यांनी गच्च. तांब्यानं सगळे जंतू मारून टाकले होते, फक्त कळशीतले.

आबांनी खाद्य बंद केलं, तळाचा गाळ काढला, पाणी बदललं. तरी अर्धं तळं गेलंच.

मी आईला मोबाईलवर दोन्ही बशांचे फोटो दाखवले. तिनं कोऱ्या बशीवर बोट ठेवलं. "म्हंजी कळशी चांगलीच हाय," ती म्हणाली, आणि मग हळूच, "पन माझ्यापायी गेले का गं ते?"

"नाही आई, माझ्यापायी. कसलं भांडं ते मी सांगितलंच नाही." मला रडू आवरेना.

आबा तळ्यावर हात धुवायले होते. तिथूनच ओरडले, "दोघी बी गप बसा! पुढच्या खेपंला पानी मी आनतो. भांडं कोनतं, तेवढं नीट सांग."