करंजाखालच्या पाळकीणबाई

आमच्या पाळकीणबाईंनी आठ वर्षांत आपल्या नवऱ्याचं एकही प्रवचन शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. ही काही त्यांची निंदा नाही, आणि पाळकसाहेबांच्या प्रवचनांची तर मुळीच नाही. साहेब छान बोलायचे. त्यांचं ऐकायला आटगावपासून माणसं यायची. पण ते बोलायला उभे राहिले की बाई चर्चच्या बाहेर, करंजाच्या झाडाखाली बसलेल्या. मांडीवर एक पोर, पाठीला लोंबकळणारं दुसरं, आणि समोर मातीत सात-आठ. त्यांतली तीन त्यांची स्वतःची. बाकीची आमची.

शहापूरचं आमचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांबट खोली. आत मूल रडलं की आवाज पत्र्यावर आपटून दुप्पट व्हायचा, आणि पंच कमिटीतले सगळ्यांत जुने पंच, निवृत्त शिक्षक असलेले तात्या, मान वळवून असं बघायचे की त्या मुलाच्या आईला कुठं तोंड लपवू असं होई. मी मूळची नगरकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मलाही हे नवीन होतं. माझी प्रीती तीन महिन्यांची असताना मी पहिल्यांदा तिला घेऊन उपासनेला गेले. दुसऱ्याच गीताला तिनं भोकाड पसरलं. दारात बाई उभ्या होत्या, त्यांनी हात पुढे केले. "आण गो इकडं. तू बस आत. तुला अजून सगळं नवीन हाय." मी पोर दिली आणि आत बसले. आणि मग तीन वर्षं आतच बसत राहिले. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, हे खरं आहे.

बाई मुरबाडच्या पलीकडच्या, वैशाखऱ्याकडच्या. त्यांचे वडील त्या भागात सुवार्तिक होते, येशूची शुभवार्ता सांगत पायी वाड्या-वाड्या हिंडायचे. बाईंनी तिकडची बोली कधी सोडली नाही. उंचीनं लहानखुऱ्या, आवाज मात्र खणखणीत, आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. मी त्यांना टवटवीत असं कधी पाहिलंच नाही. नाताळात नटून-थटून आल्या तरी त्या दमलेल्याच दिसायच्या.

दमणार नाहीत तर काय! दोन गावांना मिळून एकच पाळक. रविवारी सकाळी शहापूरची उपासना आणि दुपारी मुरबाडची. उपासना संपली की साहेब स्कूटर चालू करायचे. पुढे आशीष उभा, मागे रूथ, तिच्या मागे कडेला टेकून बाई, त्यांच्या काखेत धाकटा शमू आणि प्रभुभोजनाच्या रविवारी खांद्याला भांड्यांची पिशवी. ही वरात किन्हवलीच्या रस्त्यानं मुरबाडला जायची आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत. सोमवारी चर्चमधल्या सतरंज्या आणि वेदीवरचं कापड धुवायचं. बुधवारी महिला मंडळ. मध्येच कोणाच्या घरी प्रार्थना, कोणाचं बाळंतपण, कोणाची मयत. शुक्रवारी उपवास-प्रार्थना, म्हणजे बाकीच्यांना उपवास आणि मुलांना मात्र वेळेवर भात हवाच. सगळं करताना त्यांचं तोंड चालू असायचं. एकदा कपडे पिळता पिळता मला म्हणाल्या, "देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला ना गो, त्याच्या घरात पोरं नव्हती." तात्यांनी ऐकलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. मी मात्र पोट धरून हसले.

झोप त्यांना कुठंही गाठायची. महिला मंडळात एकदा त्या प्रार्थनेला डोळे मिटून बसल्या. आमचं आमेन झालं, पुस्तकं मिटली, तरी बाईंचे डोळे मिटलेलेच. आम्ही सगळ्या चिडीचूप. सुनंदावहिनी तर माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, किती भक्ती!" तेवढ्यात शमूनं आईची वेणी ओढली, आणि बाई दचकून म्हणाल्या, "भाताची शिटी झाली का?" पुढं कितीतरी दिवस आम्ही त्यांना त्यावरून चिडवलं. चिडवण्याऐवजी एखादीनं त्यांचा भात लावून दिला असता तर बरं झालं असतं, हे मला आज सुचतंय.

साहेबांच्या प्रवचनातल्या गोष्टींचं गुपित मला फार उशिरा कळलं. एका शनिवारी मी काही कामानं त्यांच्याकडे गेले होते. बाई तांदूळ निवडत होत्या आणि साहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कागद-पेन घेऊन बसले होते. "अगं, वचन मिळालंय. माणूस सांग," ते म्हणाले. आणि बाई सांगायला लागल्या. दवाखान्याच्या पायरीवर भेटलेली बाई, एसटीत शेजारी बसलेला म्हातारा, आठवड्यात जे जे पाहिलं ते सगळं. साहेब भराभर उतरवून घेत होते. म्हणजे ज्या गोष्टींवर आम्ही रविवारी हसायचो, डोळे पुसायचो, त्या सगळ्या या बाईच्या. आणि त्या सांगितल्या जात असताना ही बाहेर कोणाचं तरी नाक पुसत बसलेली!

"मला एकदा पुरं प्रवचन ऐकायचं हाय," त्या त्या दिवशी म्हणाल्या. "पयल्यापासून आमेनपर्यंत. हे नीट सांगतात का नाय ते बघायचं हाय मला. माझी माणसं हायत ती." साहेब हसले. मीही हसले. बाई हसल्या नाहीत.

उपासना सुटली की मुलं परत करताना त्या आम्हाला विचारायच्या, आज आत हसलात कशाला. आम्ही घाईत काहीतरी अर्धंमुर्धं सांगायचो आणि चपला शोधायला लागायचो.

मग तो चहाचा रविवार आला. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याचा रस बाई घरीच करायच्या. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या, उकळायच्या आणि फडक्यातून गाळून बाटलीत भरायच्या. तशाच दुसऱ्या बाटलीत साहेबांच्या घशासाठी गुळाचा कोरा चहा असायचा, मुरबाडच्या वाटेवर प्यायला. दोन्हींचा रंग एकच. त्या आठवड्यात शमूला गोवर आला होता आणि बाई चार दिवस नीट आडव्याही झाल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून भलतीच बाटली काढून दिली.

साहेबांनी प्रार्थना केली, छोटे पेले वाटले गेले, आणि सबंध मंडळी गार कोरा चहा प्याली. कोणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी पण गिळला. बोलणार कोण आणि कसं? शेवटचे दोन पेले घेऊन साहेब नेहमीसारखे बाहेर गेले. मुलांना सोडून बाईंना आत येता यायचं नाही, म्हणून ती दोघं दर महिन्याला करंजाखाली उभ्यानंच प्रभुभोजन घ्यायची. मी दारातून बघत होते. बाईंनी पेला ओठाला लावला आणि तशाच थांबल्या.

"अहो, हा तर चहा."

साहेबांनी आपला पेला चाखला. "हो."

"आत सगळ्यांनी घेतला?"

"घेतला."

"आणि कोणी काय बोललं नाय?" असं म्हणून त्या झाडाच्या बुंध्याशी मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. काखेतलं पोर, ते सुनंदावहिनींचं होतं, त्यांच्याकडे बघून तेही रडायला लागलं. "मी आत असते तर पयल्या घोटालाच उठून सांगितलं असतं," त्या परत परत म्हणत होत्या.

तेवढ्यात तात्या काठी टेकत बाहेर आले. आता हा माणूस बाईंना काय काय सुनावणार! तात्या त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बाटली चुकली म्हणून देव रागावत नाही. तुम्ही आज मुरबाडला जाऊ नका. घरी जाऊन झोपा." दोन पावलं पुढं गेले आणि वळून म्हणाले, "गूळ मात्र बेताचा होता." तेव्हा कुठं बाई रडता रडता हसल्या.

पुढच्या रविवारी तात्यांनी आपल्या शाळामास्तरी अक्षरात एक तक्ता लिहून भिंतीला लावला. कोणत्या आईनं कोणत्या रविवारी मुलं सांभाळायची त्याचा. पहिल्या रविवारी रूथला ताप, म्हणून बाई आल्याच नाहीत. दुसऱ्या रविवारी जिची पाळी होती ती आई माहेरी गेली. तिसऱ्या रविवारी माझी पाळी होती. मी बसलेही, पण अर्ध्या तासात दोघांनी एकमेकांना चावलं, एक नाल्याच्या दिशेनं पळालं, आणि मी आत बसलेल्या बाईंना हाक मारून बाहेर बोलावलं. हो, मीच. त्यानंतर त्या तक्त्याकडे कोणी बघितलं नाही, आणि बाई पुन्हा करंजाखाली बसायला लागल्या.

मग साहेबांच्या बदलीचं पत्र आलं. जालन्याच्या पलीकडे कुठंतरी. शेवटचा रविवार ठरला, निरोपाचा हार सांगितला गेला. त्या दिवशी मी घरून मनाशी ठरवूनच निघाले. बाई सवयीनं करंजाकडे वळल्या तसा मी त्यांचा दंड धरला. "आज तुम्ही आत. पोरांचं मी बघते. मेले तरी हाक मारणार नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. अगदी ताठ, शाळेत नाव घातलेल्या मुलीसारख्या.

वचन वाचून झालं, साहेब बोलायला लागले, आणि पाच मिनिटांत बाईंची मान कलली. मी खिडकीशी होते, मला सगळं दिसत होतं. सुनंदावहिनी त्यांना हलवायला पुढं सरकल्या, तर साहेबांनी बोलता बोलता हातानंच नको म्हटलं. आवाज खाली आणला. इतका खाली की मागच्या बाकांवरची माणसं पुढे वाकून ऐकायला लागली. आणि एरवी अर्ध्या तासात आटोपणारे साहेब त्या दिवशी तासभर बोलले. कोणी खोकलं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. मी बाहेर एकेका पोराच्या तोंडावर हात ठेवत होते. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की आपण फार मोठं काहीतरी करतोय त्यांच्यासाठी.

शेवटच्या गीताची पेटी वाजली तशा बाई जाग्या झाल्या. इकडंतिकडं पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघून प्रेमानं हसत होते. त्यांच्या लक्षात आलं, आणि चेहरा असा पडला की मला खिडकीतून बघवेना.

"उठवलं का नाय मला?" त्या म्हणाल्या. गीत मध्येच थांबलं. "तुमी सगळ्यांनी ऐकलं. आठ वर्षं तुमीच ऐकलं. आज पण तुमीच ऐकलं." आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. हसणारे सगळे खाली बघायला लागले. चूक आमची होती. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि आम्ही आपल्या मनानंच त्यांना झोप देऊन टाकली होती.

साहेबांनी वेदीवरचं मिटलेलं पुस्तक पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "मंडळींनी जरा बाहेर बसावं." सगळे, तात्यांसकट, करंजाखाली येऊन बसले. ज्याचं त्याचं पोर ज्याच्या त्याच्या मांडीवर. आत साहेबांनी पुस्तक उघडलं आणि तेच वचन पुन्हा वाचलं.

मी खिडकी सोडली नाही. बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, डोळे टक्क उघडे. साहेब एका कातकरी म्हातारीची गोष्ट सांगत होते. वीटभट्टीवरून सहा महिन्यांनी ती वाडीवर परतली. शेजारीण अजून भट्टीवरच अडकलेली, तिच्या दाराला कुलूप. "त्या माउलीनं आपलं अंगण झाडलं," साहेब म्हणाले, "आणि मग शेजारणीचंही झाडलं."

"नाय ओ," बाई बाकावरून म्हणाल्या. "आधी शेजारणीचं झाडलं. मग आपलं. तेच तर हाय त्यात."

साहेब थांबले. कागदावर काहीतरी खोडलं, आणि ते वाक्य पहिल्यापासून, नीट, पुन्हा सांगितलं.