चितळांसाठी चार एकर

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे आपल्याला जंगल कळतं, असा माझा पक्का समज होता. निवृत्त झालो आणि मध्य प्रदेशात बैहरकडची, जंगलाला लागून असलेली वडिलांची चार एकर जमीन चितळांना द्यायचं ठरवलं. धान लावणं बंद केलं. मोबाइलवर पाहून पाहून घाणेरीची झुडपं उपटली, गवत वाढू दिलं, बोर-आवळा लावला, तारेचं कुंपण काढलं. पाडस बुडू नये म्हणून उतरत्या काठाचं सिमेंटचं टाकंही बांधलं.

शेजारच्या शेतातल्या काकू बांधावर उभ्या राहून सगळं बघायच्या. त्या एकट्याच शेत कसायच्या.

"गुरुजी, हे टाकं कोनासाठी?"

"चितळांसाठी."

"मंग हा बाजूचा वाहता नाला काहून हाय?"

अडाण्यांशी वाद घालू नये, एवढं शहाणपण माझ्यात होतं.

पहिलं वर्षभर टाक्यावर गावच्या गाई आल्या. मी पाटी लावली: 'ही जमीन हरणांसाठी राखीव आहे.' मराठीत आणि हिंदीतही. काकू म्हणाल्या, "गाई शाळेत गेल्या नाहीत, गुरुजी."

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र चितळं आली. चांगला दहा-बारांचा कळप. मी मोहाच्या झाडामागे बसून डोळे पुसले, फोटो काढले, सगळ्या ग्रुपांवर टाकले. 'धन्य आहात सर', 'खरे निसर्गप्रेमी'. दोन दिवस मी जमिनीवर नव्हतो.

तिसऱ्या सकाळी काकू घरी आल्या. हातात शेंडे खुडलेल्या हरभऱ्याची जुडी होती.

"तुमचे पाव्हणे झोपतेत तुमच्याकडं, अन् जेवाले येऊन राह्यले माह्या वावरात!"

मी त्यांना निसर्गाचा समतोल समजावला. वर नुकसानभरपाईचा अर्ज लिहून द्यायची तयारीही दाखवली.

"अर्जाची भाजी करू का?"

चहा घेऊन आलेली बायको मध्येच म्हणाली, "पुण्य तुमचं अन् हरभरा तिचा. चांगला हिशेब हाय."

इतक्या वर्षांत कोणत्याही इन्स्पेक्टरने मला इतकं सरळ पकडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गंजत पडलेली तार काढली आणि काकूंच्या शेताला स्वतःच्या हातांनी ओढली. एका बाजूला कमी पडली, तिथे बोरीचे काटे रचले. बोटं सोलून निघाली. काकू बांधावर बसून सांगत होत्या, "तिकडं ढिली हाय, गुरुजी. अजून ओढा."

हरभरा पुन्हा फुटला, थोडा उशिरा. चितळं नाइलाजाने माझं गवत खाऊ लागली.

यंदा गावच्या शाळेने 'वन्यजीव आणि शेतकरी' यावर बोलायला बोलावलं. मी काकूंना पाठवलं. त्या चार वाक्यं बोलल्या. टाळ्या इतक्या पडल्या की आता मुख्याध्यापक दरवर्षी त्यांनाच बोलावणार म्हणतात.