कर्नलच्या जागेवर दोघी

न्यू बर्नच्या धक्क्याजवळ हेप्सीची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर चार बाकं, एक चूल आणि हेप्सीचं तोंड. तळलेली मासळी आणि मक्याचा गरम पाव खायला कोळी, हमाल, खलाशी सगळे यायचे आणि चार शब्द ऐकूनही जायचे. "टाकायचं होतं तर वाढून घेतलंस कशाला?" असं ती गोऱ्या कप्तानालाही सुनवायची. ज्या बाईनं अर्धं आयुष्य मान खाली घालून काढलं, तिनं उरलेल्या अर्ध्यात जरा मान वर केली तर लोकांना ती आगाऊ वाटते. वाटेना का!

एका दुपारी डूलन दारात उभा राहिला. उत्तरेच्या आरमारातला हा आयरिश खलाशी उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात लेफ्टनंट लायमन क्रेनच्या बोटीचा तांडेल, म्हणजे वल्हेकऱ्यांचा मुकादम, होता. इकडे फेरी झाली की हेप्सीकडे जेवल्याशिवाय जायचा नाही. आज मात्र तो बसलाच नाही.

"आपले साहेब गेले, हेप्सी."

"कुठल्या लढाईत?"

"लढाई कसली आता? अंथरुणात गेले. कमरेच्या दुखण्यानं पार पिळून काढलं होतं."

हेप्सीच्या हातातला झारा तसाच राहिला. "अंथरुणात? त्या माणसाला अंथरूण ठाऊक तरी होतं का?" ती म्हणाली. तव्यावरची मासळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग डूलननंच ती उलटली आणि दोघं बोलत बसली. बोलायला त्यांच्याकडे एकच सकाळ होती, पण ती कधी जुनी झाली नाही.

त्या वेळी हेप्सी केप फिअर नदीकाठी कर्नल बॅस्किनच्या घरी स्वयंपाकीण होती. गुलामच. नदी, किल्ला, गाव, सगळं दक्षिणेकडच्यांच्या ताब्यात. उत्तरेची जहाजं बाहेर समुद्रात नाकेबंदी करून उभी. त्यातल्याच एका जहाजावर हा क्रेन, विशी नुकती ओलांडलेला. त्याची रीतच उफराटी. चारचौघांसारखी लढाई करायची सोडून तो शत्रूच्या घरी पाहुण्यासारखा जायचा. त्या सकाळी दाट धुक्यात किल्ल्याच्या नाकाखालून बोट घालून तो आला होता, कर्नलला न्याहारीवरून उचलायला!

हेप्सी पाव उलटत होती. वळून बघते तर दारात चिखलानं माखलेला एक पोरसवदा साहेब, एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातानं टोपी काढलेली.

"बाई, कर्नलसाहेब उठले का?"

"उठले आणि गेलेसुद्धा. कालच विल्मिंग्टनला."

साहेबाचा चेहरा एवढासा झाला. मग त्याला हसू आवरेना. "इतक्या लांबून भेटायला यावं आणि माणूस घरी नसावा!" असं म्हणून तो कर्नलसाठी केलेला पाव उभ्याउभ्याच खायला लागला.

हेप्सीला मात्र हसू येत नव्हतं. येत्या रविवारी कर्नलच्या मुलीचं लग्न होतं आणि तिच्यासोबत आंदण म्हणून डेल्फी जाणार होती. हेप्सीची मुलगी डेल्फी, जेमतेम तीन वर्षांची, तिथेच चुलीशी झोपलेली. दूर जॉर्जियात. पुन्हा दिसायची नाही. डेल्फीच्या बापाला असंच एकदा गाडीत बसवून नेलं होतं, तेव्हा हेप्सी दारात नुसती उभी राहिली होती.

"साहेब," ती म्हणाली, "कर्नलला न्यायचं होतं, म्हणजे बोटीत त्याची जागा असेल."

"आहे की."

"मग रिकामी कशाला नेता?"

मागून डूलन उसळला. "साहेब, जागा एकाची आहे! ह्या दोघी. बोट आधीच काठोकाठ. आणि ती पोरगी रडली तर आपण सगळे फासावर!"

"कर्नलला बघितलंय का कधी?" हेप्सीनं कमरेवर हात ठेवला. "आम्ही दोघी मिळून त्याच्या नुसत्या पोटाएवढ्या भरायच्या नाहीत."

साहेब हसला. "तांडेल, हिशेब बरोबर आहे. बसू दे."

डूलनचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. नेमकं किल्ल्यासमोर डेल्फीनं भोकाड पसरलं. वल्ही थांबली. काठावरून पहारेकरी ओरडला, "कोण आहे रे?"

"कर्नल बॅस्किनकडची माणसं!" साहेबानं थेट दक्षिणी हेल काढून उलट आवाज दिला. "पोरीला देवी आल्यात. डॉक्टरकडे नेतोय. येतोस बघायला?"

"लांबून जा! लांबून जा!"

समुद्रावर धुक्यात आपलं जहाज दिसलं तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला. आरमाराची रीत अशी की, बोट जवळ आली की जहाजावरून हाक येते आणि बोटीतून जे उत्तर जाईल त्यावरून कोण आलंय ते वर कळतं. जसा हुद्दा तसं उत्तर, तसा मान. साधा खलाशी असेल तर वर कुणी मानसुद्धा वळवत नाही.

हाक आली. साहेब हळूच म्हणाला, "तांडेल, अ‍ॅडमिरलचं उत्तर दे."

"साहेब, कातडं सोलतील!"

"माझं सोलतील. तू दे."

डूलननं दिलं. वर एकच धांदल उडाली. शिपाई बंदुका घेऊन रांगेत, ढोल, शिट्ट्या, कप्तान कोटाची बटणं लावत धावतोय. आणि त्या शिट्ट्यांच्या गजरात शिडीवरून वर आली ती हेप्सी, हाताला पीठ आणि कडेवर डेल्फी.

"अ‍ॅडमिरल कुठे आहेत?" कप्तान गरजला.

साहेबानं सलाम ठोकला. "कर्नल घरी नव्हते, सर."

त्यापायी साहेबाला कित्येक दिवस खोलीतून बाहेर पडायची बंदी झाली. मायलेकींना उत्तरेच्या ताब्यातल्या न्यू बर्नला उतरवलं, तोवर आतून त्याची गाणी तेवढी ऐकू यायची.

"खोलीत कोंडलं तरी गात होते," डूलन म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

तेवढ्यात डेल्फी आली. सतराची झाली होती, गावच्या शाळेत धाकट्या मुलांना शिकवायला लागली होती. डूलननं तिला समोर बसवलं. "पोरी, माझ्या कोटात गुंडाळून बसवली होती तुला. आठवतं?"

"नाही हो, काका."

"ते धुकं? शिट्ट्या?"

"आई सांगते तेवढंच."

"बरं, ते कर्नलचं घर तरी? तिथली मालकीण?"

डेल्फीनं खरोखर आठवून बघितलं. "नाही. मला आठवतं ते इथलंच. त्याच्या आधीचं काहीच नाही."

डूलनला ते लागलं. "बघ! साहेबांनी जीव पणाला लावला, आणि हिला एक गोष्ट आठवत नाही."

हेप्सी मघापासून रडली नव्हती. आता पोरीचं डोकं पोटाशी धरून ती हमसून हमसून रडायला लागली. "नाही ना आठवत? त्या घरातला एक दिवसही नाही आठवत!" ती म्हणाली. "अहो डूलन, एवढं ऐकायला तरी साहेब असायला हवे होते हो."